तारेखालचा मुलूख: खोपोलीच्या विजेपासून ब्लूटूथच्या जोडणीपर्यंत

स्पीकरवरचे बटण तीन-चार सेकंद दाबून धरले की निळा दिवा लुकलुकू लागतो. फोनच्या पडद्यावर जवळपासच्या यंत्रांची यादी उमटते, त्यातील एका नावावर बोट टेकले जाते, एक लहानसा सूर वाजतो आणि दिवा स्थिरावतो. कर्जत-खालापूरच्या एखाद्या वाडीत, हळदीच्या रात्री मांडवाच्या खांबापाशी, ही क्रिया इतक्या सहजपणे उरकते की तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. दोन यंत्रे तारेवाचून जोडली गेली, एवढेच.

परंतु याच मुलुखात ‘तार’ या शब्दामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे आणि ‘बिनतारी’ या शब्दामागे तुरुंगाचा. त्या लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ नीट लावायचा, तर आधी खोपोलीला जावे लागते. त्याचा हा धागा.

१९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. कल्पना जमशेटजी टाटांच्या हयातीतली. ती प्रत्यक्षात आली त्यांच्या मृत्यूनंतर. योजना ऐकायला सोपी होती. घाटमाथ्यावर वळवण, लोणावळा आणि शिरवटा येथे धरणे बांधून पावसाळ्याचे पाणी अडवायचे, ते पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडायचे आणि त्या वेगावर जनित्रे फिरवायची. सह्याद्रीचा कडा हीच या योजनेची खरी पुंजी होती. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. पुढे आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी कर्जत तालुक्यात उतरवून १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजगृह उभे राहिले. अवघ्या सात वर्षांत दोन शेजारी तालुक्यांत दोन मोठी वीजगृहे आली. त्या काळातल्या हिंदुस्थानात अशी जागा विरळाच.

ही वीज जायची कोठे? मुंबईला. गिरण्यांचे साचे फिरवायला. सुमारे ७० किलोमीटरची ती वाहिनी उंच लोखंडी मनोऱ्यांवरून भातखाचरे, माळ आणि आदिवासी वाड्या ओलांडत शहराकडे निघाली. १९२९ मध्ये कल्याण-पुणे लोहमार्गाचे विद्युतीकरण झाले. ज्या गावांच्या डोक्यावरून वीज धावत होती, त्यांच्या शेजारून आता विजेची गाडीही धावू लागली. गावात मात्र संध्याकाळी घासलेटचीच चिमणी लागत असे.

येथे एक तपशील मुद्दाम नोंदवावा असा आहे. वीज निर्माण करून झाल्यावर पाण्याचे काम संपत नाही. खोपोलीतून बाहेर पडणारे पाणी पाताळगंगेला मिळते. भिवपुरीच्या पाण्यावर पुढे राजनाला कालवा निघाला आणि कर्जतच्या कित्येक शिवारांत उन्हाळी भात उभे राहू लागले. घाटावरून आलेल्या धनाची अशी वाटणी झाली: पाणी खाली राहिले, वीज पुढे गेली. या वाटणीला अन्याय म्हणावे की दैवयोग, यावर वाद घालता येईल. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो जमीन बुडत होती म्हणून. खोपोली-भिवपुरीच्या पायथ्याशी बुडण्यासारखे काही नव्हते. तेथे होते ते केवळ डोक्यावरून जाणारे तारांचे गुंजन. केवळ गुंजनाविरुद्ध सत्याग्रह होत नसतो.

तारेची ही कथा घडत असतानाच बिनतारी विद्येचीही एक कथा मुंबईत आकार घेत होती. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. आवाज आता तारेवाचून येऊ शकत होता. पण तो ऐकायला परवाना लागे. १८८५ च्या तारायंत्र कायद्यापाठोपाठ १९३३ मध्ये बिनतारी यंत्रांसाठी स्वतंत्र कायदा झाला. परवान्याशिवाय असे यंत्र बाळगणे हाच त्यात गुन्हा ठरवला गेला. वापरणे नव्हे, जवळ असणे. हवेतल्या लहरींवर मालकी सरकारची, हे तत्त्व या दोन कायद्यांच्या मुळाशी होते, आणि ते स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिले.

मग १९४२ साल उजाडले.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानचा, नाभिक कुटुंबातला. वकिलीचे शिक्षण झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपद लाभले. पण लोकांच्या स्मरणात राहिले ते त्यांचे धान्यकोठार. पावसाळ्याच्या तोंडावर शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये, म्हणून त्यांनी गावांत धान्याचा साठा उभारला. भाई कोतवाल ही पदवी त्यांना सभांनी दिली नाही, या कोठारांनी दिली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची घोषणा झाली, नेते गजाआड गेले आणि भाई भूमिगत झाले. कर्जत-मुरबाड भागातील शेतकरी आणि आदिवासी तरुणांना घेऊन त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला.

या दस्त्याने हल्ल्यासाठी कचेरी निवडली नाही, खजिना निवडला नाही. त्यांनी निवडले ते विजेचे मनोरे. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात मुंबईकडे वीज नेणाऱ्या वाहिनीचे मनोरे एकामागून एक कापून पाडण्यात आले. उद्देश स्पष्ट होता. शहरातले कारखाने आणि रेल्वे थांबली की युद्धयंत्रणेचा श्वास अडखळेल. आपल्या गावाला वीज मिळत नाही, या रागातून हे घडले असे सुचवणे म्हणजे इतिहासावर आजची तक्रार लादणे होय. दस्त्याची लढाई परकीय सत्तेशी होती. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. शहराची नाडी नेमकी कोठे दाबता येते, हे शहरापेक्षा तारेखाली राहणाऱ्यांना अधिक ठाऊक होते. रात्रीच्या अंधारात रानवाटा तुडवत मनोऱ्यापर्यंत पोहोचणे, पहारा चुकवणे आणि उजाडायच्या आत डोंगरात विरून जाणे, हे नकाशा वाचून येणारे ज्ञान नव्हे.

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले. भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील गोळीबारात हुतात्मा झाले. भाईंनी वयाची तिशी जेमतेम ओलांडली होती.

त्याच हिवाळ्याआधी, मुंबईत, तारेवाचून लढणारी दुसरी एक तुकडी पकडली गेली होती. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी चालवत असलेले ‘काँग्रेस रेडिओ’ हे गुप्त केंद्र सरकारी शोधयंत्रणेला चुकवण्यासाठी सतत जागा बदलत असे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी त्यावर छापा पडला. खटल्यातील आरोपींमध्ये शिकागो रेडिओ कंपनीचे नानक मोटवानी होते. काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवणारी कंपनी ती हीच. एकाच ऋतूत कर्जतच्या रानात तार तोडणारे आणि मुंबईच्या सदनिकांत बिनतारी संदेश सोडणारे, दोघेही एकाच सत्तेला गुन्हेगार वाटत होते.

गुप्त केंद्राची अडचण तांत्रिक होती आणि ती समजून घेण्यासारखी आहे. जागा बदलली तरी लहर तीच राहते. ठरावीक लांबीच्या लहरीवर कान लावून बसणाऱ्याला दिशा शोधता येते, आणि मग माणसे शोधणे हा केवळ वेळेचा प्रश्न उरतो. सुटका हवी असेल तर जागेऐवजी लहरच बदलत राहायला हवी, तीही इतक्या जलद की ऐकणाऱ्याला माग लागू नये.

नेमकी हीच कल्पना त्या वर्षी अमेरिकेत कागदावर होती. ११ ऑगस्ट १९४२ रोजी, म्हणजे ‘चले जाव’च्या अटकसत्रानंतर दोनच दिवसांनी, अमेरिकी सरकारने २२,९२,३८७ क्रमांकाचे पेटंट मंजूर केले. ते होते अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्या नावे. पाणतीराला दुरून दिशा देणारा संदेश शत्रूला अडवता येऊ नये, म्हणून संदेश पाठवणारे आणि घेणारे यंत्र एकाच वेळी, एकाच क्रमाने, ८८ लहरींवर उड्या मारत राहील अशी ती योजना. ८८ हा आकडा पियानोच्या पट्ट्यांचा. क्रम ठरवण्यासाठी स्वयंचलित पियानोतल्या भोकाभोकांच्या कागदी गुंडाळीसारखी गुंडाळी वापरायची होती. अमेरिकी नौदलाने त्या वेळी ती बाजूला ठेवली.

समाजमाध्यमांवर ‘हेडी लमारने ब्लूटूथ शोधले’ असे वाक्य वारंवार फिरत असते. ते खरे नाही. लहर बदलत राहण्याची कल्पना त्यांच्याही आधी काहींना सुचली होती, आणि पेटंटापासून ब्लूटूथपर्यंत सरळ वंशावळ दाखवता येत नाही. कल्पना एकच, घराणी निराळी. सिद्धगड, मुंबईचे गुप्त केंद्र आणि ते पेटंट यांना एकत्र आणते ते केवळ साल. मात्र जो प्रश्न उषा मेहतांच्या तुकडीपुढे उभा होता, त्याच प्रश्नाचे उत्तर आज हळदीच्या मांडवात गाणे वाजवते, ही गोष्ट खरी आहे.

स्वातंत्र्य आले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले, खांब हळूहळू गावात शिरले. मोठ्या गावांत आधी, रस्त्याकडेला त्यानंतर, डोंगराच्या कुशीतल्या ठाकर-कातकरी वाड्यांवर सर्वांत उशिरा. पण आवाजाने विजेची वाट पाहिली नाही. या मुलुखातल्या ध्वनियंत्रांचा इतिहास पाहिला तर एक सूत्र ठळकपणे दिसते: जे यंत्र भिंतीतल्या वायरीवर अवलंबून नव्हते, तेच वाडीपर्यंत पोहोचले.

किल्लीवर चालणारा ग्रामोफोन हा त्यातला आद्य. मग आला लग्नसराईचा कर्णा. भाड्याने लाऊडस्पीकर देणारा माणूस तबकडीचे यंत्र, ॲम्प्लिफायर आणि मोटारीची बॅटरी घेऊन येई. आंब्याच्या फांदीला कर्णा बांधला जाई आणि तेथपासून मांडवापर्यंत वायर ओढली जाई. लहान मुलांना त्या वायरीवर पाय देण्याची सक्त मनाई असे. त्या एका दिवसापुरता तो माणूस गावचा राजा. कोणते गाणे लागायचे, केव्हा थांबायचे, हे त्याच्या पेटीतल्या तबकड्या आणि त्याची मर्जी ठरवी.

ट्रान्झिस्टरने ही सत्ता थोडी ढिली केली. चार सेल घातले की बातम्या, शेतीविषयक कार्यक्रम आणि गाणी माळावर गुरे राखणाऱ्याच्या खांद्यावर आली. परवाना मात्र तोही मागत होता. साध्या रेडिओवरचे परवानाशुल्क १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकले. त्यानंतरचे युग टेपचे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटमधून घरोघर गेले. कोळीगीते आणि हळदीची गाणी बाजारात मिळू लागली. सेल उतरले की टेपमधला गायक जड, रडव्या आवाजात गाऊ लागे, आणि मग ते सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवले जात. थोडा जीव परत येई. ज्या तालुक्यात मुंबईच्या गिरण्यांची वीज तयार होत होती, त्या तालुक्यात सेल उन्हात वाळवले जात होते.

येथे एक नोंद आवश्यक आहे. ध्वनियंत्र नव्हते म्हणून गाणे नव्हते, असा याचा अर्थ मुळीच नाही. आगरी लग्नात धवलारीण धवला गाते, तेव्हा ती पुरोहिताच्याच अधिकाराने गाते. ठाकरांच्या नाचाला ढोल पुरेसा असतो. यंत्राने आणले ते दूरचे गाणे. जवळचे गाणे त्याने किती मागे सारले, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

१९९४ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन आणि स्वेन मॅटिसन यांच्यासारखे अभियंते एका साध्या प्रश्नावर काम करू लागले: फोन आणि त्याची उपकरणे यांच्यामधली वायर काढून टाकता येईल का? १९९८ च्या मे महिन्यात एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी त्यासाठी संघ स्थापन केला. नाव सुचवले इंटेलच्या जिम कार्डाक यांनी. दहाव्या शतकात डेन्मार्क एकत्र करणारा राजा हॅराल्ड, टोपणनाव ‘निळा दात’. त्याच्या नावाची दोन जुनी रून अक्षरे एकमेकांवर ठेवली की स्पीकरवर दिसणारी ती खूण तयार होते. नाव तात्पुरते होते. ‘रेडिओवायर’ हेही एक नाव विचारात होते. ते टिकले असते तर तार आणि बिनतारी हा सारा झगडा एका शब्दात मावला असता.

भारतात मात्र अडथळा कायद्याचा होता. ब्लूटूथचे प्रत्येक यंत्र लहरी घेते तसेच सोडतेही. म्हणजे १९३३ च्या कायद्याच्या भाषेत ते सरळ सरळ बिनतारी यंत्र. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले होते; पण परवान्याची चौकट उभीच होती. २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्यातून सूट मिळाली. या अधिसूचनेचा वर्धापनदिन कोणी साजरा करत नाही. तरी खिशातला फोन आणि मांडवातला स्पीकर यांना कोणाचीही परवानगी न मागता एकमेकांशी बोलण्याचा अधिकार मिळाला तो त्या दिवशी. मूळचे दोन्ही कायदे रद्द करणारा दूरसंचार कायदा तर २०२३ चा.

आता त्या चार सेकंदांकडे परतता येईल. निळा दिवा लुकलुकतो तेव्हा स्पीकर हाका मारत असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो कान उघडून बसलेला असतो. हाक मारतो तो फोन: जवळ कोणी आहे का? स्पीकर आपला पत्ता आणि नाव कळवतो. नावावर बोट टेकले की दोघे मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात. गंमत अशी की ती किल्ली हवेतून पाठवली जातच नाही. दोघे एकमेकांना काही आकडे उघडपणे देतात, प्रत्येक जण त्यात आपला गुप्त आकडा मिसळतो आणि दोन्हीकडे तीच किल्ली निघते. मधल्यामध्ये केवळ ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. जुन्या यंत्रांना यासाठी ‘००००’ असा आकडा टंकावा लागे. २००७ च्या आवृत्तीपासून ती गरज संपली. स्पीकरला पडदा नाही, कळफलक नाही, म्हणून खातरजमेची पायरी येथे गाळलेली असते. बटण दाबणारा हात हाच विश्वासाचा पुरावा मानला जातो.

किल्ली ठरली की गाणे सुरू होते आणि दोन्ही यंत्रे ७९ मार्गिकांवर सेकंदाला १६०० उड्या मारू लागतात, दोघांनी मिळून पाळलेल्या एकाच क्रमाने. शक्ती म्हणाल तर सामान्यतः अडीच मिलिवॅटच्या घरात, पल्ला दहा-एक मीटर. नाचणाऱ्यांच्या गर्दीत गाणे तुटते त्याचे कारणही यातच आहे. मानवी शरीर बहुतांशी पाणी, आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. फोन मागच्या खिशात ठेवून नाचायला उतरलेला नवरदेवाचा भाऊ स्वतःच भिंत बनतो.

किल्ली जपून ठेवली जाते, आणि मांडवातले बहुतेक तंटे त्या स्मरणशक्तीतून उद्भवतात. स्पीकर चालू होताच तो गेल्या वेळच्या फोनकडे धाव घेतो. तो फोन ओसरीवर बसलेल्या पाहुण्याच्या खिशात असला तरी. दुसऱ्याच्या फोनवर स्पीकरचे नाव दिसते, पण जोडणी होत नाही. अशा वेळी पहिल्या फोनचे ब्लूटूथ बंद करावे, किंवा त्याच्या यादीतून स्पीकरचे नाव काढून टाकावे, आणि मग स्पीकरचे बटण पुन्हा दाबून धरून नव्याने सुरुवात करावी. कर्ण्याच्या काळात गाणे कोणाचे, हा प्रश्न भाड्याने आलेला माणूस सोडवी. आता तो चुलत्या-पुतण्यांत सुटतो; कधी हसत, कधी रुसून.

याला दुसरी बाजू आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारच्या गाड्यांनी कर्जत आणि नेरळला उतरणाऱ्या गर्दीतल्या कित्येक पाठपिशव्यांना हाच स्पीकर लटकलेला असतो. पेठच्या किल्ल्यावर, भिवपुरीच्या धबधब्यावर, खांडसहून भीमाशंकरच्या वाटेवर शहर आपला आवाज बरोबर घेऊन येते. शेतघरांतून रात्री उशिरापर्यंत तो आवाज खालच्या वाडीत झिरपतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. पण त्या नियमाची कल्पना कर्णा डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती, ज्याचा मालक सापडतो, ज्याची वायर धरून मांडवापर्यंत जाता येते. तळहातात मावणाऱ्या यंत्राचा माग काढायला वायर नसते.

दर वर्षी २ जानेवारीच्या पहाटे सिद्धगडावरील हुतात्मा स्मारकापाशी लोक जमतात. खाली भिवपुरीतून निघालेले मनोरे अजून मुंबईच्या दिशेने उभे आहेत आणि खोपोलीतल्या जनित्रांचे काम अजून संपलेले नाही. शहराची मागणी संध्याकाळी चढू लागली की घाटावरचे पाणी नळांत सोडले जाते. वाड्यांवर साधारण त्याच वेळी कोणीतरी रात्रीच्या हळदीसाठी स्पीकर चार्जिंगला लावत असते.